रिव्ह्यूसाठी लायब्रेरियनची वेळ घेतलीय? मग जायच्या आधी एवढं करून ठेवा

दरवर्षी सिनॉप्सिसचा (थेसिसच्या आराखड्याचा) सीझन आला की काउंटरवर तेच वाक्य, ‘मॅडम, माझ्या टॉपिकवरचं लिटरेचर काढून द्या ना.’ टॉपिक काय विचारलं की दोन शब्द येतात, ‘न्यूबॉर्न केअर’. एवढ्यावर पबमेडमध्ये (वैद्यकीय पेपरांचा फुकट डेटाबेस) सर्च मारला तर रेकॉर्डचा नुसता पूर येतो, मग तो विद्यार्थी माझ्याकडे बघतो आणि मी त्याच्याकडे. मी मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत टेबलाच्या या बाजूला बसते. पीजीवाले, एमपीएचवाले, नर्सिंगचे, फिजिओचे, ज्यांना कुणाला सिस्टिमॅटिक (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास पद्धतशीर शोधून तपासणारा) नाहीतर स्कोपिंग (विषयाचा आवाका बघणारा) रिव्ह्यू करायचाय त्यांनी हे वाचून मग यावं, कारण वेळ मिळते जेमतेम पाऊण तास-तासभर आणि त्यातला अर्ध्याहून जास्त ‘नक्की शोधायचंय काय’ यातच जातो.

लायब्रेरियन सर्च बांधायला मदत करतो, प्रश्न ठरवून देत नाही. तो तुम्ही आणि तुमच्या गाईडने ठरवायचा. पेपर गाळणं (कुठले घ्यायचे, कुठले सोडायचे ते ठरवणं), डेटा काढणं, मेटा-अ‍ॅनालिसिस (सगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र करणं) हेही आमचं काम नाही, स्टॅटिस्टिक्ससाठी वेगळा माणूस गाठा. पण कुठल्या डेटाबेसमध्ये जायचं, कुठले शब्द टाकायचे, ते कसे जोडायचे, हे सगळं लिहून कसं ठेवायचं, डुप्लिकेट कसे काढायचे, यात आमच्याकडून पाहिजे तेवढं काढून घ्या.

एकच उदाहरण धरून चालते, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. समजा तुमचा विषय आहे आशांच्या गृहभेटी आणि नवजात बाळं, सरकारी भाषेत एचबीएनसी, म्हणजे होम बेस्ड न्यूबॉर्न केअर. आपल्याकडे हा कार्यक्रम २०११ पासून चालू आहे, डिलिव्हरी दवाखान्यात झाली तर आशा ताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात, घरी झाली तर पहिल्या दिवसाची एक भेट जास्त. पीएसएमवाल्यांचा, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनवाल्यांचा, आवडता विषय.

आधी बघा, कुणी करून ठेवलाय का

‘गृहभेटींनी नवजात मृत्यू कमी होतात का’ असा प्रश्न घेऊन आलात तर मी पहिली पाच मिनिटं हेच बघणार की हा रिव्ह्यू झालाय का. आणि झालाय. गोगिया आणि सचदेव यांचा २०१० मध्ये डब्ल्यूएचओच्या बुलेटिनमध्ये आला, त्यांचाच पुढचा २०१६ मध्ये, आणि कॉक्रेनमध्ये (रिव्ह्यू करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) लस्सी आणि भुट्टा यांचा कम्युनिटी पॅकेजेसवरचा आहे, २०१० चा, २०१५ मध्ये अपडेट केलेला. हे घरी बसून अर्ध्या तासात कळतं हो. पबमेडमध्ये डावीकडे सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा फिल्टर लावा, कॉक्रेन लायब्ररीत एकदा डोकवा, आणि प्रॉस्पेरो बघा. प्रॉस्पेरो म्हणजे यॉर्क विद्यापीठातल्या सीआरडी या केंद्राचं रिव्ह्यू नोंदवायचं रजिस्टर, तिथे सध्या चालू असलेले रिव्ह्यूसुद्धा दिसतात, म्हणजे तुमच्या आधी कुणी त्याच प्रश्नावर बसलंय का ते कळतं.

सापडला म्हणून रडायचं कारण नाही, उलट त्या रिव्ह्यूच्या अपेंडिक्समध्ये त्यांची अख्खी सर्च स्ट्रॅटेजी बहुतेक वेळा छापलेली असते, ती प्रिंट काढून आणा, निम्मं काम तिथेच होतं. आणि प्रश्न थोडा सरकवा. मृत्यू कमी होतात का हे झालंय, पण ‘आदिवासी भागात या गृहभेटी करताना आशांना काय अडचणी येतात’ हा वेगळा प्रश्न आहे, त्याचे पेपर वेगळे, पद्धत वेगळी, आणि गाईडलाही तो बहुतेक आवडेल.

प्रश्न एका वाक्यात लिहा, खरंच लिहा

डोक्यात असतो तो प्रश्न नसतो, कागदावर उतरला की त्यातली भोकं दिसतात. परिणाम मोजायचा असेल तर पिको चालतो, म्हणजे कोणावर, काय केलं, कशाशी तुलना, काय निष्पन्न. पण वर सांगितला तसा अडचणींचा प्रश्न असेल तर पिकोत तो कोंबू नका, तुलना कशाशी करणार तुम्ही? त्यासाठी जेबीआय या संस्थेची पीसीसी पद्धत आहे, लोक कोण, संकल्पना काय, संदर्भ कुठला. आपल्या उदाहरणात लोक म्हणजे आशा, संकल्पना म्हणजे गृहभेटीतल्या अडचणी, संदर्भ म्हणजे भारतातले आदिवासी भाग. झालं, तीन रकाने.

यातच ठरतं की रिव्ह्यू कुठला. असा अडचणींचा आवाका बघायचा प्रश्न बहुधा स्कोपिंगकडे जातो, आणि स्कोपिंग असेल तर प्रॉस्पेरो तो घेत नाही, त्याचा प्रोटोकॉल (आधी लिहिलेला आराखडा) ओएसएफ या खुल्या साइटवर टाकतात. सिस्टिमॅटिक असेल तर प्रॉस्पेरोचं रजिस्ट्रेशन डेटा काढायला लागायच्या आधी व्हायला पाहिजे, नंतर आठवून उपयोग नाही. आणि दोन्हीत पेपर गाळायला दुसरा माणूस लागतो. एकट्याने सगळं करणार असाल तर ते गाईडशी आधी बोलून घ्या, को-रेसिडेंटला पटवा, काहीतरी करा, पण मीटिंगमध्ये ‘दुसरा रिव्ह्यूअर कोण’ विचारल्यावर छताकडे बघू नका.

मर्यादा कुठल्या घालणार तेही ठरवून या, आणि इथे मला जरा बोलायचंच आहे. ‘गेल्या १० वर्षांतले पेपर’ ही अट निम्म्या सिनॉप्सिसमध्ये असते आणि का म्हटलं की उत्तर, सीनियरने तसंच केलं होतं. बाबांनो, मृत्यूवाल्या प्रश्नाला ही अट लावलीत तर गडचिरोलीचा १९९९ चा पेपर गेला, शिवगड (उत्तर प्रदेश) आणि सिल्हेटचे (बांगलादेश) २००८ चे गेले, म्हणजे ज्यांच्यावर हा सगळा कार्यक्रम उभा राहिला तेच गेले. वर्षाची मर्यादा घालायला कारण लागतं. आशांवरच प्रश्न आहे तर २००५ पासून घ्या कारण आशा ही योजनाच तेव्हाच्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आली, एचबीएनसी कार्यक्रमापुरतंच बघायचंय तर २०११ पासून, हे परीक्षकासमोर टिकतं. भाषेचंही तसंच. फक्त इंग्रजी घेणार असाल तर घ्या, पण मराठीत, हिंदीत संस्थांचे अहवाल असतात, ते सोडतोय हे माहीत असून सोडा.

ओळखीचे पेपर घेऊन या

माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट ही. तुमच्या रिव्ह्यूत शंभर टक्के यायलाच हवेत असे पाच-सात पेपर आधी हाताशी ठेवा, गाईडला विचारा, जुन्या रिव्ह्यूच्या रेफरन्सेसमधून काढा. यांना सीड पेपर म्हणतात. यांचा उपयोग दोन ठिकाणी. एक, त्यांच्यातून शब्द मिळतात. दोन, सर्च बांधून झाला की तो या पेपरना पकडतो का ते तपासता येतं, एक जरी निसटला तर सर्च कुठेतरी फाटलाय.

मृत्यूवाला प्रश्न घेऊन दाखवते. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा लॅन्सेटमधला १९९९ चा पेपर, गडचिरोलीतली ३९ गावं एकीकडे आणि तुलनेला ४७ गावं, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली. मेडिकलला असून हा माहीत नाही असा मराठी विद्यार्थी विरळा. आता त्याचं टायटल बघा, त्यात होम-बेस्ड निओनेटल केअर आहे, सेप्सिस आहे, फील्ड ट्रायल आहे. आशा कुठेच नाही, असणार कशी, ती यायला अजून सहा वर्षं होती. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये शब्द आहे व्हिलेज हेल्थ वर्कर. म्हणजे तुम्ही सर्चमध्ये फक्त आशा आणि कम्युनिटी हेल्थ वर्कर एवढंच टाकलंत तर आपल्याच महाराष्ट्रातला, या विषयातला सगळ्यात गाजलेला पेपर सुटू शकतो. शिवगडच्या ट्रायलच्या टायटलमध्ये तर बिहेव्हियर चेंज मॅनेजमेंट आहे, गृहभेट हा शब्दच नाही. सिल्हेटच्या टायटलमध्ये न्यूबॉर्न-केअर पॅकेज. तीन पेपर, एकच विषय, तिघांची भाषा तीन तऱ्हेची. म्हणून म्हणते पेपर आणा, शब्द तिथून उचलू.

शब्दांचा तक्ता

एक्सेल उघडा, प्रत्येक संकल्पनेला एक कॉलम आणि खाली सुचतील तेवढे पर्यायी शब्द. कार्यकर्तीच्या कॉलममध्ये आशा, तिचं पूर्ण नाव अ‍ॅक्रेडिटेड सोशल हेल्थ अ‍ॅक्टिव्हिस्ट, कम्युनिटी हेल्थ वर्कर, व्हिलेज हेल्थ वर्कर, ले हेल्थ वर्कर, अंगणवाडी वर्कर, आणि प्रश्न भारतापुरता नसेल तर पाकिस्तानातल्या लेडी हेल्थ वर्कर आणि बांगलादेशातल्या ब्रॅकच्या शास्थ्य शेबिकासुद्धा. बाळाच्या कॉलममध्ये न्यूबॉर्न, मध्ये हायफन असलेलं न्यू-बॉर्न, निओनेट, निओनेटल, पेरिनेटल. अमेरिकन-ब्रिटिश स्पेलिंगं दोन्ही. कॉलम अर्धवट असला तरी चालेल, कोरा नको.

प्रत्येक कॉलममधले शब्द ऑरने जोडायचे आणि कॉलम एकमेकांना अँडने, दोन्ही कॅपिटलमध्ये, यापलीकडचं गणित आम्ही समोर बसून करू. फक्त एक, निष्पन्नाचा कॉलम, म्हणजे मॉर्टॅलिटी वगैरे, सर्चमध्ये शक्यतो घालू नका, कारण बऱ्याच पेपरच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये तुमचा आउटकम लिहिलेलाच नसतो आणि पेपर फुकट गळतो. तो कॉलम गाळणीसाठी ठेवा.

मेश टर्म्सही (पेपरना विषयानुसार लावलेले ठरावीक शब्द) बघून या, एनसीबीआयच्या (पबमेड चालवणाऱ्या संस्थेच्या) साइटवर मेशचा वेगळा डेटाबेस आहे. मेशमध्ये इन्फन्ट म्हणजे १ ते २३ महिने आणि पहिल्या २८ दिवसांसाठी इन्फन्ट, न्यूबॉर्न ही वेगळी टर्म, हे वाचलं नसेल तर चुकीची उचलली जाते. पण नुसत्या मेशवर विसंबू नका, पबमेडमध्ये पीएमसीमार्गे (फुल टेक्स्टचं फुकट भांडार) आलेली बरीच जर्नल्स मेडलाइनमध्ये (पबमेडचा मेश लावलेला भाग) नसतात आणि त्यांच्या पेपरना मेश टॅग लागतच नाही, भारतातले कितीतरी पेपर याच गटात मोडतात. म्हणून मेश अधिक टायटल-अ‍ॅबस्ट्रॅक्टमधले शब्द, दोन्ही.

आणि आशा या शब्दाची एक गंमत. नुसतं आशा टाकून सर्च मारलात तर जगातल्या सगळ्या आशा नावाच्या डॉक्टर आणि प्रोफेसर बाई त्यांच्या पेपरांसकट हजर होतात, शिवाय अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनचं लघुरूपही तेच, त्यामुळे बोलण्या-ऐकण्याच्या विकारांचे पेपर वेगळेच. हा शब्द टायटल-अ‍ॅबस्ट्रॅक्टपुरता बांधायचा आणि बाळाच्या कॉलमशी अँड करायचा, मग गर्दी पांगते.

चॅटजीपीटीकडून सर्च स्ट्रिंग करून आणलीत तरी मी रागावणार नाही, पर्यायी शब्द सुचवायला ते बरं आहे. पण त्याने दिलेली प्रत्येक मेश टर्म मेश डेटाबेसमध्ये खरंच आहे का ते बघून या, बऱ्याचदा नसते. आणि त्याने दिलेल्या रेफरन्सेसची यादी आणून ‘याच्या पीडीएफ काढून द्या’ हे तर प्लीज नको, टायटल सुंदर, जर्नल खरं, लेखकही खरे, फक्त तो पेपर कुणी कधी लिहिलेलाच नसतो आणि आम्ही अर्धा दिवस शोधत बसतो.

लॉगिन, आधी लॉगिन

हे सांगायला कंटाळा येतो पण सांगते. कॉलेजच्या बाहेरून ई-रिसोर्सेस कसे उघडतात ते आदल्या दिवशी करून बघा, पासवर्ड रिसेट आमच्यासमोर नको. सरकारी कॉलेजात असाल तर १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन चालू झालंय, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स, इन्फ्लिबनेट ते सांभाळतं. पण ही फुल टेक्स्टची सोय झाली, एम्बेस किंवा स्कोपससारखा शोधायचा डेटाबेस तुमच्या कॉलेजकडे आहे की नाही हा वेगळा प्रश्न, तो मीटिंगमध्ये पहिल्यांदा विचारा. नसेल तर पबमेड, कॉक्रेन आणि बाकी जे मिळतंय त्यावर करायचं आणि मर्यादांमध्ये तसं सरळ लिहायचं.

झोटेरो (रेफरन्स सांभाळायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे, टाकून या, ब्राउझरचं कनेक्टरही. एनसीबीआयचं अकाउंट काढा, कारण पबमेडची सर्च हिस्टरी आठ तास काही केलं नाही की उडते आणि अकाउंटमध्ये सेव्ह केलेला सर्च राहतो. पेपर गाळायला रय्यान वापरणार असाल तर तेही उघडून बघा.

जर्नलांबाहेरचं काय काय बघायचं त्याचीही छोटी यादी करा. थेसिससाठी शोधगंगा, ट्रायल्ससाठी सीटीआरआय हे भारताचं रजिस्टर, एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कागदपत्रं, डब्ल्यूएचओचं आयरिस हे कागदपत्रांचं भांडार. गूगल स्कॉलर बघा जरूर, पण ते एका सर्चला १,००० च्या पुढचे रिझल्ट दाखवत नाही, वर कितीही लाख लिहिलेलं असो, त्यामुळे त्यावरच अख्खा रिव्ह्यू उभा करायचा नाही.

मेल कसा टाकायचा

‘रिस्पेक्टेड मॅडम, एचबीएनसीवर लिटरेचर पाहिजे, अर्जंट आहे.’ याला मी काय उत्तर देणार? याऐवजी असं लिहा बघा:

‘मॅडम, मी कम्युनिटी मेडिसिनची पीजी फर्स्ट इयर. आदिवासी भागात एचबीएनसीच्या गृहभेटी करताना आशांना येणाऱ्या अडचणींवर स्कोपिंग रिव्ह्यू करतेय, गाईडशी बोलणं झालंय. भारतातले, २०११ नंतरचे अभ्यास घ्यायचे असं ठरतंय. सहा सीड पेपर आणि शब्दांचा तक्ता जोडलाय. पबमेडमध्ये एक सर्च करून बघितला, तोही पेस्ट केलाय, रिझल्ट खूप येतात आणि दोन सीड पेपर येत नाहीत. सिनॉप्सिस पुढच्या महिन्यात आहे.’

असा मेल आला की मी तुम्ही यायच्या आधीच ते दोन पेपर का सुटतायत ते बघून ठेवते. आणि ‘रिझल्ट खूप येतात’ असं लिहायला लाजू नका, मोडका सर्च दुरुस्त करणं नव्याने बांधण्यापेक्षा सोपं असतं.

वेळ कधीची घ्यायची, तर सिनॉप्सिस जायच्या आधी. एथिक्सला प्रोटोकॉल गेल्यावर येऊन ‘सर्च स्ट्रॅटेजी लिहून द्या’ म्हटलं तर प्रश्नच बदलायला लागतो आणि मग पुन्हा अमेंडमेंट, पुन्हा सह्या. कित्येक कॉलेजांत लायब्ररीचा सगळा कारभार एकाच माणसाच्या गळ्यात असतो, परीक्षेच्या दिवसांत जाऊ नका, दुपारचं विचारा. यूके, ऑस्ट्रेलियाकडे एमपीएच करायला गेलेल्यांनी युनिव्हर्सिटीच्या साइटवर आपल्या विषयाचा लायब्रेरियन शोधा, बहुतेक ठिकाणी ऑनलाइन फॉर्म भरून वेळ मिळते आणि विद्यार्थ्यांना पैसे पडत नाहीत. आपली मुलं तिकडे भिडस्तपणे शेवटच्या महिन्यापर्यंत जातच नाहीत असं ऐकते, जा हो, त्यांचं ते कामच आहे.

प्रत्यक्ष बसल्यावर

लॅपटॉप तुमचा, कीबोर्ड तुमच्या हातात. आम्ही टाइप करून दिलं की तुम्ही मान डोलावता आणि दुसऱ्या दिवशी एम्बेसमध्ये तेच करायला जमत नाही, तिथे मेश नाही तर एमट्री असते आणि टॅगही वेगळे. दोघं रिव्ह्यूअर असाल तर दोघंही या. एक ओळ टाकली की किती आले ते बघायचं, मग पुढची ओळ, आणि अचानक आकडा शून्यावर किंवा लाखावर गेला तर तिथेच थांबून कंस मोजायचे, दहातल्या आठ वेळा कंसच असतो.

मग हे विचारून घ्या: या प्रश्नाला कुठले डेटाबेस पुरे, हा सर्च दुसऱ्या डेटाबेसमध्ये नेताना काय बदलायचं, डुप्लिकेट कशात काढायचे, आणि माझा सर्च दुसऱ्या कुणी तपासून देईल का. सर्च तपासायची प्रेस नावाची चेकलिस्ट आहे, लायब्रेरियन लोक एकमेकांचे सर्च त्यावरच तपासतात, तुम्हीही स्वतःचा तपासून बघू शकता.

लायब्रेरियनने सर्च बांधण्यात खरंच मोठा वाटा उचलला असेल तर पेपर छापताना नाव ऑथरमध्ये घालायचं की आभारात, हेही पहिल्याच भेटीत बोला. आम्हाला विचारायला अवघड वाटतं, तुम्ही विचारलंत तर बरं.

उठायच्या आधी एक लॉग शीट उघडा. तारीख, डेटाबेस, कुठल्या प्लॅटफॉर्मवर, जशीच्या तशी सर्च स्ट्रिंग, किती रेकॉर्ड आले, काय फिल्टर. प्रिझ्माच्या (रिव्ह्यू कसा मांडायचा याचे नियम) आकृतीत पहिल्या चौकटीतले आकडे इथूनच जातात, डुप्लिकेट काढायच्या आधीचे, डेटाबेसवार. तीन महिन्यांनी हे आठवून लिहायला बसलात तर आकडे जुळणार नाहीत, पबमेडमध्ये रोज नवीन भर पडत असते. आणि रिझल्ट १०,००० च्या वर असतील तर पबमेडच्या साइटवरून एका फटक्यात एक्सपोर्ट होणार नाहीत, तेव्हा सर्च आवळा, नाहीतर वर्षांचे तुकडे पाडून काढा.

थेसिस सबमिट करायच्या आधी तोच सर्च पुन्हा एकदा मारायचा असतो, मधल्या काळात आलेले पेपर घ्यायला. त्यासाठी वेगळी वेळ मागायची गरज नाही, लॉग शीट मेलला जोडा आणि कुठल्या डेटाबेसमध्ये अडलंय तेवढं एका ओळीत लिहा.